काटा खाली आला की नुसतं पाणी भरत बसू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की आमच्या त्रिमूर्तीनगरातून दरवर्षी दोन-चार जणी तरी निघतातच, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी नातवाला सांभाळायला, इंग्लंड नाहीतर आयर्लंड नाहीतर जर्मनी, सोबत डिंकाचे लाडू, अळीव, मालिशचं तेल, सगळं काट्यावर वजन करून करून भरलेलं. मागच्या हिवाळ्यात मी पण अशीच गेले. बॅगेत काय न्यायचं हे सांगायला पन्नास जणी होत्या पण तिकडच्या घराच्या हीटिंगबद्दल मला कुणी एक शब्द सांगितला नव्हता, आणि जानेवारीत रात्री अकरा वाजता बारा दिवसांचं बाळ छातीशी धरून गार पडत चाललेल्या घरात बसायची वेळ आली तेव्हा वाटलं की हे आधी माहीत असायला पाहिजे होतं. म्हणून हे पत्र लिहून राहिले. मोठं झालंय, पण यातलं बरंचसं आपल्या इथल्या गिझरला आणि प्रेशर पंपाला पण लागू आहे, म्हणून छापाच अशी विनंती.

लेक इंग्लंडात लीड्सला असते. घर जुनं, विटांचं, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंती लागलेल्या, आठ रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारे भिंतीवरचे लोखंडी पत्रे, आणि स्वैपाकघरातल्या कपाटात एक पांढरा डबा ज्याला सगळे बॉयलर म्हणतात. आमच्या घरात बॉयलर म्हटलं की वेगळंच काही डोळ्यासमोर येतं कारण आमचे हे ३१ वर्षं कोराडीला पॉवर स्टेशनात होते, तिथं आता जे ६६० मेगावॉटचे युनिट आहेत त्यांत प्रेशर २२१ बारच्याही वर जातं. लेकीच्या बॉयलरमधे तर पाणी उकळतच नाही. गॅसवर साठ-सत्तर डिग्रीपर्यंत तापतं, एक छोटा पंप ते पाणी घरभर रेडिएटरमधून फिरवतो आणि गार झालं की परत डब्यात आणतो. तेच पाणी, वर्षानुवर्षं, बाहेरचा थेंब आत नाही आणि आतला थेंब बाहेर नाही. आणि या बंद फेरीतलं प्रेशर दाखवायला डब्याच्या खाली एक छोटं घड्याळ असतं. सगळं थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मधे पाहिजे. १ बार म्हणजे साधारण १० मीटर पाण्याचा दाब, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या नळाला ज्या जोरानं येतं तेवढाच, फार काही नाही.

एक गोष्ट इथंच सांगते कारण माझाही सुरुवातीला तोच गोंधळ झाला होता. हा काटा नळाच्या पाण्याचा नाही. नळाला धो धो पाणी येत असेल तरी काटा शून्यावर असू शकतो. पिण्याचं, आंघोळीचं पाणी वेगळं आणि रेडिएटरमधून फिरणारं वेगळं, दोन्ही एकाच डब्यात तापतात एवढंच.

तर झालं असं की मी पोचल्यापासून बघून राहिले होते, जावईबापू रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी त्या कपाटाखाली वाकून एका जाळीदार नळीच्या दोन चाव्या फिरवायचे, सर्रर आवाज यायचा, काटा १.३ ला आला की बंद करायचे. त्या नळीला फिलिंग लूप म्हणतात, नळाच्या लायनीतून हीटिंगमधे पाणी भरायला ती असते. मी विचारलं हे रोजचंच का, तर म्हणाले, आई, जुनं घर आहे, थोडं उतरतं प्रेशर. त्याआधी एक माणूस बोलावला होता त्यांनी, त्यानं पण तेच केलं, पाणी भरलं, काटा दाखवला, उतरलं की असंच भरत जा म्हणून सांगितलं, आणि चांगले पैसे घेऊन गेला. काटा का उतरतोय हा प्रश्न त्यानं विचारलाच नाही, आणि मला राग आहे तो याचाच.

मग ती रात्र आली. बाहेर उणे २. काटा ०.४ वर आणि बॉयलर लॉक, लाल दिवा लुकलुकतोय. प्रेशर फार उतरलं की तो स्वतःला बंद करून घेतो, पाणी कमी असताना जळू नये म्हणून, तसा तो बरोबरच वागतो. पण घरात बाळंतीण आहे. आपल्याकडे थंडी म्हटली तर शेगडी आहे, शेक आहे, २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर गेला तेव्हाही आम्ही अंगणात शेकोटी करून निभावलं. तिकडे शेगडी पेटवायची सोय नाही, लाकडी मजला, छतावर धुराचा अलार्म, आणि बंद घरात कोळसा पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ. बाळाला दोन दुपट्यांत गुंडाळलं, लेकीला माझी शाल दिली आणि मी नागपूरला फोन लावला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार. ह्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

मी सांगितलं काटा उतरतो, भरावं लागतं. ते म्हणाले, थंड असताना किती असतो आणि तापल्यावर किती जातो? मी म्हटलं तापल्यावर कुणी बघितलंच नाही. खरंच कुणी बघितलं नव्हतं बाप्पा. सगळे सकाळी बघायचे, उतरलेला. मग म्हणाले आत्ता भरून घ्या, रात्र निघू दे, पण उद्यापासून दोन्ही वेळेला लिहून ठेव.

बाळाच्या दुधाच्या वेळा लिहायची एक वही होती, तिच्याच मागच्या पानावर मी लिहायला लागले. सकाळी सहाला, हीटिंग सुरू व्हायच्या आधी, १.३. सव्वासातला, रेडिएटर हाताला चटका देतील इतके तापल्यावर, २.९. रात्री हीटिंग बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी ०.७. परत भरलं १.३, परत तापल्यावर २.९ च्या आसपास, परत सकाळी ०.६. तीन दिवस हेच. ह्यांना फोटो पाठवला तर लगेच फोन आला, म्हणाले पाणी झिरपत नाहीये, पाणी बाहेर फेकलं जातंय, बाहेरच्या भिंतीला कुठं एखादा तांब्याचा पाइप निघालेला दिसतो का बघ.

मी तो आधीच बघितला होता, फक्त कळलं नव्हतं. मागच्या अंगणात कचऱ्याचे डबे असतात, तिथं भिंतीतून बोटाएवढा तांब्याचा पाइप निघून परत भिंतीकडेच वळवलेला, आणि त्याच्या खाली विटांवर बर्फाची एक पांढरी धार, मेणबत्ती ओघळून थिजावी तशी. त्या जागी ना नळ ना मोरी, मग पाणी आलं कुठून? आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो गळायला लागला की भिंतीवर जो हिरवा पट्टा उमटतो, तसाच हा, फक्त थंडीनं गोठलेला. रात्री हीटिंग बंद असताना, सगळं गार असताना जावईबापूंनी त्या पाइपाच्या तोंडाला एक प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं सैलसर बांधली. सकाळी हीटिंग तापून गेल्यावर तिच्यात दीड-दोन पेले पाणी. असं कुणी करणार असेल तर हात आणि तोंड लांब ठेवा, त्या पाइपातून चांगलं कढत पाणी येऊ शकतं.

आता हे का होत होतं ते माझ्या भाषेत सांगते. पाणी तापलं की फुगतं. १० डिग्रीचं पाणी ७० पर्यंत नेलं तर शंभर लिटरमागे सव्वादोन लिटर वाढतं. बंद पाइपात ते सव्वादोन लिटर जाणार कुठं? त्यासाठी बॉयलरमधे, कधी बाहेर भिंतीवर, एक लोखंडी डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात, त्यात मधोमध रबराचा पडदा, एका बाजूला हीटिंगचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला भरलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की पडदा हवेकडे दबतो, गार झालं की हवा त्याला परत ढकलते. बस एवढंच काम. पण गाडी नुसती उभी राहिली तरी टायरची हवा हळूहळू उतरते ना, तशी या डब्याची पण वर्षा-दोन वर्षांत उतरते. हवा उतरली की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, काटा सरसर ३ कडे चढतो, आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी त्या तांब्याच्या पाइपातून बाहेर टाकतो. टाकायलाच पाहिजे, त्यासाठीच तो आहे. मग रात्री सगळं गार झालं की तेवढं पाणी कमी, म्हणून काटा खाली. मग आपण भरतो. मग परत तापतं, परत फेकलं जातं. म्हणजे जावईबापू रोज सकाळी जे पाणी भरत होते तेच दिवसभरात मागच्या भिंतीवर जात होतं, आणि थंड काटा बघून वाटायचं पाणी कमी पडतंय, खरं दुखणं तापलेल्या काट्यात होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भरणं हा उपाय नाही. महिन्या-दोन महिन्यांत एकदा थोडं भरावं लागलं तर ठीक. दर आठवड्याला, दर दिवसाला भरावं लागतंय तर पाणी कुठंतरी जातंय, ते कुठं जातंय हे आधी शोधा. आणि रोज भरण्यानं नुसता त्रास नाही, नुकसान होतं. जुनं पाणी एकदा पाइपात फिरून फिरून मेलं की त्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, लोखंड गंजायचं थांबतं. ताजं पाणी म्हणजे ताजा ऑक्सिजन, म्हणजे रेडिएटर आतून गंजणार, काळा गाळ होणार, तो पंपात आणि बॉयलरच्या बारीक वाटांमधे अडकणार. लेकीच्या घरी वरच्या खोलीतल्या रेडिएटरमधली हवा काढायला गेलो तर जुन्या फडक्यावर जे पाणी आलं ते शाईसारखं काळं होतं. ते फडकं अजून माझ्या डोळ्यासमोर आहे.

दुसरा माणूस बोलावला तेव्हा जावईबापूंनी आधी त्याचं कार्ड बघितलं. तिकडे गॅसच्या उपकरणाला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेला असावाच लागतो, १ एप्रिल २००९ पासून ती व्यवस्था आहे, कार्डाच्या मागच्या बाजूला तो नेमकं कुठलं काम करू शकतो तेही लिहिलेलं असतं. मी माझी वही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं आकडे बघितले, बाहेर जाऊन पाइप बघितला आणि झाकण उघडायच्या आधीच मान हलवली. मग बॉयलर बंद करून गार होऊ दिला, हीटिंगचं पाणी सोडून काटा शून्यावर आणला आणि व्हेसलवरची पिन दाबली. ती पिन अगदी कारच्या टायरला असते तशीच असते. पिन दाबल्यावर पाणी आलं तर रबर फाटलं समजायचं, डबाच बदलावा लागतो. आमच्याकडे पाणीही आलं नाही आणि हवाही नाही, म्हणजे रबर शाबूत, नुसती हवा उतरलेली. त्यानं साध्या पायपंपानं १ बारपर्यंत हवा भरली. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवा टाकला, कारण तो एकदा का उघडायला लागला की त्याच्या बसकणीत बारीक कचरा अडकतो आणि मग प्रेशर ठीक असलं तरी तो थेंब थेंब गळत राहतो. बरेच जण इथं चुकतात, हवा भरतात आणि व्हॉल्व्ह तसाच ठेवतात, मग काटा परत उतरतो आणि म्हणतात हवा भरून काही उपयोग झाला नाही. शेवटी गंज धरू नये म्हणून पाण्यात औषध टाकलं. त्या संध्याकाळी मी लिहिलं, थंड १.३, तापल्यावर १.८. दुसऱ्या सकाळी १.३. लेकीनं ते पान फाडून फ्रिजवर लावलं.

प्रत्येकाचं दुखणं हेच असेल असं नाही. तापल्यावर काटा फार चढत नाही पण दिवसेंदिवस उतरतोच आहे, आणि बाहेरचा पाइप कोरडा, तर मग पाणी झिरपतंय. रेडिएटरच्या दोन्ही टोकांना जे व्हॉल्व्ह असतात त्यांच्या खाली टिश्यू पेपर फिरवा, हाताला न कळणारी ओल कागदाला कळते. तांब्यापितळेवर हिरवट पांढरी बुरशीसारखी खपली दिसली तर तिथं गळतंय समजा, पाणी तापलेल्या पाइपावर वाळून जातं म्हणून थेंब दिसत नाही. कुठंच सापडलं नाही तर जाणकार माणूस बॉयलरखालचे हीटिंगचे दोन व्हॉल्व्ह रात्रभर बंद करून बघतो, तरी काटा उतरला तर गळती बॉयलरच्या पोटात, नाही उतरला तर घरातल्या पाइपात, मग मजल्याखाली शोधायचं. याच्या उलट, हीटिंग बंद, सगळं थंड, तरी काटा आपोआप चढतोय, तर फिलिंग लूपची चावी नीट बंद झालेली नाही, नळाचं पाणी आत सरकतंय. चाव्या पक्क्या बंद असून चढत असेल तर आतला पाणी तापवायचा भाग, जिथं नळाचं आणि हीटिंगचं पाणी शेजारी शेजारी असतं, तो आतून भोक पडलेला असू शकतो. आणि रेडिएटरमधली हवा काढल्यावर काटा उतरणं साहजिक आहे, हवा गेली तेवढी जागा रिकामी झाली, तेवढं भरून घ्यायचं. रेडिएटर वर गार आणि खाली गरम म्हणजे हवा. वर गरम आणि खाली गार म्हणजे गाळ. एवढं हातानं कळतं.

भरताना पण घाई करू नका. बॉयलर बंद, गार. एक चावी पूर्ण उघडायची, दुसरी अगदी हळू, नजर काट्यावर, १.२-१.३ आलं की दोन्ही बंद. दोन्ही, एक नाही. भरल्यावर ती नळी काढून ठेवायचा तिकडचा नियम आहे, तो पिण्याच्या पाण्यात हीटिंगचं घाण पाणी उलटं जाऊ नये म्हणून आहे. चुकून जास्त भरलं गेलं तर घाबरायचं नाही, एका रेडिएटरच्या हवा काढायच्या पिनेतून वाटीत पाणी सोडलं की काटा खाली येतो.

आणि माझ्यासारख्या आयांना आणि ह्यांच्यासारख्या बाबांना हात जोडून सांगते, नागपुरात बसून व्हिडिओ कॉलवर मुलांना बॉयलरचं झाकण उघडायला लावू नका. आमच्या ह्यांनी एवढी वर्षं बॉयलरवर काढली पण त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घे असं एकदाही म्हटलं नाही. त्या झाकणानं बऱ्याच बॉयलरमधे जळणाची जागा सील केलेली असते, ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, त्याला वास नाही रंग नाही. काटा बघणं, लिहिणं, पाइप बघणं, पाणी भरणं, रेडिएटरची हवा काढणं, एवढं आपलं. बाकी कार्डवाल्याचं. मुलं भाड्याच्या घरात असतील तर घरमालकाला आधी कळवायचं. आणि अमेरिका, कॅनडाला जाणार असाल तर तिकडे बहुतेक घरांत गरम हवा नळकांड्यातून खेळवतात, तिथं पाण्याचा काटा नसतोच, हे सगळं तिथं लागू नाही.

होळीच्या आधी मी परत आले आणि आठवडा नाही झाला तर हेच दुखणं आपल्या गल्लीत दिसायला लागलं, म्हणून पत्राचा हा भाग माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा.

शेजारच्यांनी वरच्या मजल्याला शॉवर चांगला यावा म्हणून प्रेशर पंप बसवलाय. रात्री सगळं सामसूम झालं की त्याचा आवाज, दर चार-पाच मिनिटांनी ठक, घुर्र, ठक. म्हणे पंपच खराब निघाला, बदलणार होते. ह्यांनी जाऊन बघितलं. घरातले सगळे नळ बंद असताना पंप मधूनमधून सुरू होतो म्हणजे पाणी कुठंतरी जातंय, बहुतेक वेळा संडासच्या फ्लशमधून. फ्लशच्या टाकीत चिमूटभर रंग टाका आणि अर्धा तास कुणी वापरू नका, खाली भांड्यात रंग उतरला तर सापडला चोर. शेजाऱ्यांकडे खालच्या संडासात उतरला, एक रबराचं वॉशर बदललं आणि रात्रीचा आवाज थांबला. पण नळ चालू असताना पंप भराभर चालू बंद, चालू बंद व्हायला लागला तर पंपाच्या शेजारी जी छोटी टाकी असते तिच्यातली हवा उतरलेली असते. ती टाकी म्हणजे लेकीच्या बॉयलरमधल्या व्हेसलची बहीणच, तोच रबराचा फुगा, तीच टायरसारखी पिन. पंपाची वीज बंद करायची, नळ उघडून सगळं प्रेशर सोडून द्यायचं, आणि पंप ज्या प्रेशरला सुरू होतो त्यापेक्षा २ पीएसआय (टायरची हवा मोजतात ते माप) कमी हवा ठेवायची, म्हणजे २० ला सुरू होत असेल तर १८. पंक्चरवाल्याकडच्या पंपानं होतं हे काम. लोक याच्यासाठी अख्खा पंप बदलतात आणि महिन्याभरात नव्याचंही तेच होतं.

आता गिझर. माझी जाऊबाई मनीषनगरला राहते, फ्लॅटमधे बोअरचं जड पाणी. तिच्या गिझरला थंड पाण्याच्या बाजूनं जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तो टपकायचा, बाथरूमच्या भिंतीवर डाग पडायचे, तर प्लंबरनं त्याच्या तोंडाला पांढरी टेप गुंडाळून चक्क प्लग ठोकून दिलेला. संक्रांतीपासून तसाच. मी पूर्वी कधी वर मान करून बघितलं नसतं पण लीड्सहून आल्यावर माझं लक्ष आधी तिथंच गेलं, आणि खरं सांगते माझ्या पोटात गोळा आला. त्या बाथरूममधे रोज शाळेत जाणारी दोन लेकरं आंघोळ करतात.

गिझर म्हणजे पण बंद टाकीच. पाणी तापलं की फुगणार, आणि आत येणाऱ्या वाटेला बहुतेक ठिकाणी पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो, मग वाढलेल्या पाण्याला एकच वाट, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. गिझर चालू असताना तो थोडा टपकतो ते त्याचं कामच आहे, तो बिघडलेला नाही. आणि कधी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, चिकटला, बंदच झाला नाही, तर आतलं पाणी प्रेशरखाली शंभर डिग्रीच्या वर जातं आणि टाकी फाटली की त्याच क्षणी त्यातल्या पाण्याची वाफ व्हायला लागते. एक लिटर पाण्याची सगळी वाफ झाली तर तिला सोळाशे लिटरच्या वर जागा लागते, ह्यांनी हे मला लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि तेव्हा मी फक्त हो हो म्हटलं होतं. प्लग मारला म्हणजे ती एकच वाट बंद केली. गिझर बंद असतानाही सतत गळत असेल तर एक तर लायनीचं प्रेशर जास्त आहे नाहीतर व्हॉल्व्ह खराब झालाय. पहिलं असेल तर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावा, दुसरं असेल तर व्हॉल्व्ह बदला, तो काही फार महागाची वस्तू नाही. खाली डाग पडतात तर त्याच्या तोंडाला नळी लावून ती मोरीत सोडा, नळीचं टोक मात्र उघडं. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून व्हॉल्व्ह जाम होतो, त्याला छोटी दांडी असते ती अधूनमधून उचलून बघा, पाणी आलं पाहिजे. आणि उंच बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गिझरच्या पाटीवर किती बार चालतात ते वाचा, दहा मजल्यांची टाकी म्हणजे खाली ३ बार तसंच आलं, त्यावर पंप असेल तर आणखी.

गच्चीवरच्या सोलरचं पण तसंच, साध्या टाकीला जो उभा व्हेंट पाइप असतो तो टाकीला श्वास घ्यायला ठेवलेला असतो, त्यातून कधी पाणी उडतं म्हणून त्याला बूच मारणारे मी दोन घरी बघितले. टाकी रिकामी होताना हवा आत गेली नाही तर पत्रा आत चेपतो, आणि वाफ धरली तर उलटं. काढून टाका ते बूच.

जाऊबाईच्या प्लंबरशी मी स्वतः बोलले. पोरगा वाईट नाही, मेहनती आहे, तो म्हणाला काकू, लोकंच म्हणतात टपकणं बंद कर, आणि ते कशाला असतं हे मला कुणी शिकवलं नाही. मला ते पटलं. आपणच त्याला सांगतो बंद कर म्हणून, तो बंद करतो. तेव्हा तुमच्या पेपरातून नागपूरच्या प्लंबर मंडळींपर्यंत आणि त्यांना काम सांगणाऱ्या आपल्यासारख्यांपर्यंत हे पोचावं अशी फार इच्छा आहे. आज संध्याकाळी बाथरूममधे गेल्यावर एकदा वर बघा, गिझरखालच्या त्या पितळी व्हॉल्व्हचं तोंड उघडं आहे की नाही. प्लग दिसला तर वीज बंद करा, आणि व्हॉल्व्ह मोकळा करून घेईपर्यंत गिझर लावू नका, चुलीवर नाहीतर गॅसवर पाणी तापवा.

पत्र लांबलं याची मला कल्पना आहे आणि जागेअभावी तुम्ही कापाल हे पण समजू शकते. लीड्सची गोष्ट कापली तरी चालेल, पण गिझरच्या प्लगचा भाग कृपा करून कापू नका.

आपली नम्र,
एक वाचक आजी, त्रिमूर्तीनगर, नागपूर